क्लाउडहबवर अ‍ॅप हिरवं दिसतंय पण पत्त्यावर ५०२ येतो, पोर्ट नक्की कुठला द्यायचा?

उसाचा_रस
मंडळी, तीन दिवस डोकं आपटून झालं म्हणून शेवटी धागा काढतोय. आमचा क्लायंट एक साखर कारखाना आहे (नाव नको), त्यांच्या सर्व्हर रूममध्ये एकाच मशीनवर म्यूल रनटाइम (वेगवेगळ्या सिस्टिम जोडणारी अ‍ॅप चालवणारं इंजिन) आहे आणि त्यावर २३ अ‍ॅप चालतात. ऊस नोंदणी, तोडणी-वाहतूक, वजनकाटा, शेतकऱ्यांची बिलं, डिस्टिलरी, सगळं. मशीन एकच म्हणून प्रत्येक अ‍ॅपला वेगळा पोर्ट (मशीनच्या दाराचा नंबर), ८०८१ पासून ८१०३ पर्यंत. त्याची एक एक्सेल आहे, तिला सगळे पोर्ट रजिस्टर म्हणतात. त्यात ८०९४ ची ओळ पिवळी करून समोर लिहिलंय "विचारल्याशिवाय हात लावू नये". कोणाला विचारायचं ते लिहिलेलं नाही, आणि ज्यानं लिहिलं तो नोकरी सोडून गेला.

आता हे सगळं क्लाउडहबवर (म्यूलवाल्यांचाच क्लाउड) न्यायचंय, म्हणजे पहिलं क्लाउडहब, १.०, क्लायंटकडे ते आधीपासून आहे, व्हीपीसी (क्लाउडमधलं स्वतःचं खाजगी नेटवर्क) पण आहे. सुरुवात ऊस नोंदणीपासून केली, तिचा पोर्ट ८०८६. लॅपटॉपवर मस्त चालतं. डिप्लॉय केलं, रनटाइम मॅनेजरमध्ये हिरवा ठिपका, लॉगमध्ये "म्यूल इज अप अँड किकिंग", आणि ब्राउझरमध्ये पत्ता टाकला की ५०२, बॅड गेटवेचा एरर. अ‍ॅडमिनच्या मागे लागून व्हीपीसीच्या फायरवॉलमध्ये ८०८६ उघडून घेतला, तरी तेच. अजून कुठे पोर्ट उघडायचा राहिलाय का? गाळप सुरू व्हायच्या आत संपवायचंय.

कोकण_किनारा
शीर्षक वाचून वाटलं बंदराबद्दल धागा आहे, जयगड की दाभोळ सांगायला आलो होतो. येतो परत.

तिखटमीठ
खेचर (म्यूल) उठलं, लाथा पण मारतंय, फक्त दार सापडत नाहीये त्याला.

जुनाजाणता
लिसनरच्या (अ‍ॅपचा जो भाग बाहेरच्या हाका ऐकतो त्याच्या) कॉन्फिगरेशनमध्ये होस्टच्या रकान्यात काय लिहिलंय आणि पोर्टच्या रकान्यात काय लिहिलंय, अक्षरशः जसं आहे तसं टाका. बाकी नंतर.

उसाचा_रस
@जुनाजाणता होस्ट : लोकलहोस्ट. पोर्ट : डॉलर, महिरपी कंस, ऊसनोंद डॉट पोर्ट, महिरपी कंस बंद. आणि प्रॉपर्टीज (सेटिंग्ज) फाइलमध्ये ऊसनोंद डॉट पोर्ट बरोबर ८०८६.

(इथला एडिटर रोमन आणि कंस दोन्ही खातो म्हणून असं लिहावं लागतंय.)

तिखटमीठ
"डॉलर महिरपी कंस ऊसनोंद डॉट पोर्ट महिरपी कंस बंद". चाल लावली तर भजन होईल.

जुनाजाणता
सापडलं. दोन्ही रकाने चुकलेत. आधी होस्टचं बघू.

जुना वाडा डोळ्यासमोर आणा. रस्त्यावर दिंडी दरवाजा, आत चौक, चौकाच्या पलीकडे माजघर. लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे तुमचं अ‍ॅप माजघरात बसून फक्त माजघरातल्याच हाका ऐकतंय. लॅपटॉपवर ब्राउझर पण त्याच माजघरात बसलेला असतो म्हणून चालतं. क्लाउडहबवर हाक मारणारा बाहेरचा असतो, लोड बॅलन्सर (आलेली हाक योग्य अ‍ॅपकडे पोचवणारा), तो वेगळ्या मशीनवर. त्याची हाक नेटवर्क कार्डावर येते आणि तिथे कान देऊन कोणीच बसलेलं नाही. होस्टमध्ये ०.०.०.० टाकायचं, म्हणजे या मशीनला जेवढी दारं आहेत त्या सगळ्यांवर कान. हा काही खरा पत्ता नव्हे, "कुठूनही" असा त्याचा अर्थ.

हिरव्या ठिपक्यावर जाऊ नका. तो एवढंच सांगतो की अ‍ॅप सुरू झालं. बाहेरून कोणी त्याच्यापर्यंत पोचतंय की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

उसाचा_रस
धन्यवाद काका. होस्ट ०.०.०.० केला, परत डिप्लॉय केलं, चहा पिऊन आलो. ५०२.

जुनाजाणता
मी दोन्ही रकाने म्हणालो होतो, तुम्ही एकच बदलून चहाला गेलात.

पोळपाट_लाटणं
काका चिडले 😀 मी लिहिते पुढचं, आमच्याकडे मागच्या वर्षी सेम टू सेम झालंय.

हे बघ, क्लाउडहबवर पोर्ट तू ठरवत नाहीस, तो ठरलेला आहे आणि तू तो फक्त विचारायचा आहे. अ‍ॅपचा जो बाहेरचा पत्ता असतो ना, अ‍ॅपचं नाव डॉट क्लाउडहब डॉट आयओ, त्याच्या मागे सगळ्यांचा मिळून एक शेअर्ड लोड बॅलन्सर आहे. तो बाहेर ८० आणि ४४३ वर ऐकतो आणि आत वर्करकडे (तुझं अ‍ॅप ज्या मशीनवर चालतं तिकडे) फक्त दोनच दारं ठोठावतो, एचटीटीपीसाठी ८०८१ आणि एचटीटीपीएससाठी ८०८२. ८०८६ वर तू मांडी घालून बसलास तरी तो तिथे कधी येणारच नाही, फायरवॉलमध्ये उघड नाहीतर नको उघडूस. म्हणजे मीटिंग ठरली एका हॉटेलात आणि तू दुसऱ्याच हॉटेलात टेबल अडवून बसलायस.

हे आकडे प्लॅटफॉर्म एका राखीव प्रॉपर्टीतून देतं, तिचं नाव एचटीटीपी डॉट पोर्ट, दुसरी एचटीटीपीएस डॉट पोर्ट. नाव अक्षर न अक्षर तेच पाहिजे. ऊसनोंद डॉट पोर्ट हे नाव त्याच्या ओळखीचं नाही, म्हणून ते तुझ्या फाइलमधला ८०८६ उचलून गप बसलं. चूक काहीच नाही त्याच्या दृष्टीने, त्यामुळे लॉगमध्ये एरर पण येत नाही.

तर लिसनरमध्ये डॉलर कंस एचटीटीपी डॉट पोर्ट लिही. फाइलमध्ये एचटीटीपी डॉट पोर्ट बरोबर ८०८६ राहू दे हवं तर, लॅपटॉपवर तो वापरला जाईल आणि क्लाउडवर प्लॅटफॉर्मचा ८०८१ त्याच्या डोक्यावर येऊन बसेल.

शून्यप्रहर
+१ पोळपाट_लाटणं. एक बारीक भर, फायरवॉलमध्ये उघडलेला ८०८६ अगदीच वाया नव्हता. पत्त्याच्या आधी म्यूल-वर्कर-डॅश लावून पुढे कोलन ८०८६ दिला असता तर लोड बॅलन्सरला वळसा घालून थेट वर्करवर पोचला असतात (होस्ट ०.०.०.० केल्यावर). पण तो उघडा ठेवू नका, आजच काढून टाका.

उसाचा_रस
चाललं!!!! २०० आलं. तीन दिवस, आणि बदल किती तर दोन शब्दांचा. पोळपाटताई, जुनाजाणता काका, पहिल्या मळीची काकवी पाठवतो.

तिखटमीठ
मळीची काकवी नसते हो, काकवी गुऱ्हाळातली. कारखान्यात काम करता ना?

उसाचा_रस
आयटीवाला आहे, गेटच्या आत फक्त सर्व्हर रूम आणि कँटीन बघितलंय.

पावटा_ऑस्टिनकर
मला एक कळत नाही, एवढं प्रॉपर्टी-बिप्रॉपर्टी कशाला, सरळ ८०८१ लिहा ना लिसनरमध्ये. क्लाउडवर तोच असणार आहे. आमच्या टीममध्ये सगळीकडे आकडाच ठोकलेला आहे, काही बिघडलं नाही आजपर्यंत.

पोळपाट_लाटणं
@पावटा क्लाउडवर नाही बिघडत, लॅपटॉपवर बिघडतं. एका वेळी दोन अ‍ॅप स्टुडिओत (म्यूलची अ‍ॅप बनवायचं सॉफ्टवेअर) चालवून बघा, दुसऱ्याला "अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज" येतं आणि मग ज्युनिअर पोरं ८०८१ चं ८०८३ करतात, चालतं म्हणून कमिट करतात आणि शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करतात.

पावटा_ऑस्टिनकर
शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करणाऱ्याला प्रॉपर्टी वाचवू शकत नाही, ते पूर्वजन्मीचं असतं.

शून्यप्रहर
या "इन यूज" वरून आठवलं, अवांतर आहे पण कोणाला तरी उपयोगी पडेल. आमच्या ऑफिसात एका नवीन मुलाच्या लॅपटॉपवर काही केल्या ८०८१ मिळेना. स्टुडिओ बंद, जुना रनटाइम मारला, रिस्टार्ट झालं, सकाळी परत तेच. दुसऱ्या सगळ्यांचं चालतंय, याचंच नाही, पोरगं रडकुंडीला आलेलं. शेवटी काळी खिडकी उघडून नेटस्टॅट मारलं, उणे ए एन ओ लावून, ८०८१ समोरचा प्रोसेस नंबर घेतला आणि टास्क मॅनेजरमध्ये शोधला तर निघाला ऑफिसनेच टाकलेल्या अँटीव्हायरसचा एजंट. मुख्यालयाने हाक मारली तर ऐकायला ८०८१ वर बसलेला. आमचे लॅपटॉप जुने, त्यावर तो नव्हता, याला नवीन लॅपटॉप मिळाला होता. नवीन लॅपटॉपचा अख्ख्या मजल्याने हेवा केला होता, नंतर कोणी केला नाही.

त्याच्यासाठी उपाय तोच, फाइलमध्ये एचटीटीपी डॉट पोर्ट ९०८१ केला, क्लाउडवर आपोआप ८०८१. आकडा ठोकलेला असता तर जमलं नसतं. @पावटा हलके घ्या.

पावटा_ऑस्टिनकर
घेतलं. मुद्दा मान्य. टीमला मात्र सांगणार नाही, भांडून जिंकलेला वाद आहे तो.

नवशिकी
प्रश्न मूर्खासारखा असेल तर माफ करा. ऊसवाल्या दादांच्या २३ अ‍ॅपना २३ पोर्ट लागत होते, मग क्लाउडवर सगळे ८०८१ वर कसे बसतील? भांडणार नाहीत का?

जुनाजाणता
मूर्खासारखा अजिबात नाही, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

एका मशीनवर एका पत्त्याच्या एका पोर्टवर एकच जण ऐकू शकतो. कारखान्यात मशीन एक होतं म्हणून २३ जणांना २३ दारं. क्लाउडहबवर प्रत्येक अ‍ॅपला स्वतःचा वर्कर मिळतो, म्हणजे स्वतंत्र मशीन, भले ते ०.१ व्हीकोअरचं का असेना. चाळीत एका नळावर नंबर लावावे लागतात, प्रत्येकाला आपापला बंगला मिळाला की प्रत्येकाच्या मोरीत एक नळ, आणि सगळ्यांच्या मोरीतल्या नळाला नळच म्हणतात. कोणाच्या घरी जायचं ते पत्त्यातल्या अ‍ॅपच्या नावावरून ठरतं, पोर्टवरून नाही.

म्हणजे ते पोर्ट रजिस्टर संपलं. @उसाचा_रस, पिवळ्या ओळीसकट.

उसाचा_रस
क्लायंटच्या साहेबांना हे सांगितलं. ते म्हणाले रजिस्टर संपलं तर ऑडिटला काय दाखवायचं. आता नवीन शीट केलीय, २३ ओळी, सगळ्यांसमोर ८०८१.

तिखटमीठ
🤣🤣 एक ओळ पिवळी करा.

कोकण_किनारा
परत आलो. बंदरावरूनच विचारतो, हे ८०८१ आणि ८०८२ आले कुठून? साधे ८० आणि ४४३ वापरायला काय धाड भरली होती?

शून्यप्रहर
युनिक्समध्ये १०२४ च्या खालचे पोर्ट उघडायला रूटचे अधिकार लागायचे. साध्या माणसाला वेब सर्व्हर चालवायचा असेल तर तो ८० वर बसू शकत नाही, म्हणून ८०८० ची पद्धत पडली, ती भरली की ८०८१, ८०८२. एकूण आकडे ६५,५३५ पर्यंत आहेत पण आपण सगळे त्याच गल्लीत गर्दी करतो.

अवांतरात अवांतर : एसएसएचचा २२ कसा ठरला माहितीये का? १९९५ साली फिनलंडच्या तातू यलोनेनने ते लिहिलं, त्याला टेलनेट आणि एफटीपी दोघांची जागा घ्यायची होती. एफटीपी २१ वर, टेलनेट २३ वर, मधला २२ रिकामा दिसला. त्याने नंबर वाटणाऱ्यांना साधं ईमेल लिहून मागितला आणि दुसऱ्या दिवशी मिळाला पण.

कोकण_किनारा
दुसऱ्या दिवशी! इथे सातबाऱ्यावर नाव चढायला आमची दुसरी पिढी चालू आहे.

पोळपाट_लाटणं
वाखूसा (वाचनखूण साठवली).

उसाचा_रस
आता पुढचं रडगाणं. आठ अ‍ॅप चढवली, सगळी सुटी सुटी चालतायत. पण बिलाचं अ‍ॅप आतून ऊस नोंदणीला हाक मारतं, पत्ता लिहिलाय लोकलहोस्ट कोलन ८०८६. क्लाउडवर "कनेक्शन रिफ्यूज्ड". पोर्ट ८०८१ केला तर आणखी गंमत, बिलाचं अ‍ॅप स्वतःलाच हाक मारतंय आणि स्वतःलाच ४०४ देतंय.

तिखटमीठ
स्वतःच्या बिलाबद्दल स्वतःलाच विचारून नाही म्हणून सांगतंय? कारखान्याचं सॉफ्टवेअर एकदम अस्सल दिसतंय.

पोळपाट_लाटणं
बंगले वेगळे झाले ना आता. पूर्वी सगळे एका मशीनवर होते म्हणून लोकलहोस्ट म्हटलं की शेजारी सापडायचा. आता लोकलहोस्ट म्हणजे फक्त मी.

एक मार्ग, बिलाने नोंदणीचा बाहेरचा पत्ता वापरायचा. चालेल, पण आतलीच गोष्ट रस्त्यावर जाऊन परत घरात येते, आणि नोंदणीचं अ‍ॅप जगाला दिसत राहतं. दुसरा मार्ग, तुमच्याकडे व्हीपीसी आहे ना, मग परसदार वापरा.

जुनाजाणता
परसदार हा शब्द आवडला, तो माझ्या वाड्याला चालेल. मी पूर्ण करतो.

प्लॅटफॉर्म आणखी दोन राखीव प्रॉपर्टी देतं. एचटीटीपी डॉट प्रायव्हेट डॉट पोर्ट म्हणजे ८०९१, आणि एचटीटीपीएस डॉट प्रायव्हेट डॉट पोर्ट म्हणजे ८०९२. शेअर्ड लोड बॅलन्सर या दोन दारांकडे फिरकत नाही. व्हीपीसी नवीन करताना फायरवॉलला आपोआप चार नियम येतात, ८०८१ आणि ८०८२ कुठूनही, ८०९१ आणि ८०९२ फक्त व्हीपीसीच्या आतून. म्हणजे पुढचा दरवाजा रस्त्यावर, मागचा शेजाऱ्यांसाठी.

जे अ‍ॅप फक्त दुसऱ्या अ‍ॅपना लागतं, त्याच्या लिसनरमध्ये प्रायव्हेट पोर्ट लिहा. हाक मारणाऱ्याने पत्ता वापरायचा म्यूल-वर्कर-इंटर्नल-डॅश पुढे अ‍ॅपचं नाव डॉट क्लाउडहब डॉट आयओ, कोलन ८०९१. एखादं अ‍ॅप दोन्हीकडे लागत असेल तर दोन लिसनर कॉन्फिगरेशन करावी लागतील, एक लिसनर एकाच पोर्टवर बसतो.

शून्यप्रहर
@उसाचा_रस तुमच्या जुन्या रजिस्टरात ८०९१ आणि ८०९२ पण असणार, कोणाला दिलेले ते बघून घ्या. त्या अ‍ॅपमध्ये आकडा ठोकलेला असेल तर योगायोगाने ते परसदारावर जाऊन बसेल आणि बाहेरून ५०२ देईल.

उसाचा_रस
८०९१ : हजेरी. ८०९२ : कँटीन कूपन. बरं झालं सांगितलंत, कँटीन बंद पडलं असतं तर मी जिवंत परत आलो नसतो.

बेळगावी_कुंदा
मी इतके दिवस वाचनमात्र होतो पण सिक्युरिटीवाल्यांच्या वतीने एक पोस्ट लिहायलाच हवी, नाहीतर हा धागा वाचून लोक चार नियम तसेच ठेवून देतील.

आमच्याकडे एका प्रोजेक्टमध्ये पैसे भरून डेडिकेटेड लोड बॅलन्सर घेतला. स्वतःचं डोमेन, स्वतःचं सर्टिफिकेट, ठरावीक आयपींनाच प्रवेश, सगळा थाट. हा डेडिकेटेड बाबा आतल्या वर्करकडे ८०९१ किंवा ८०९२ ने जातो. मॅपिंगच्या नियमात मागचा प्रोटोकॉल एचटीटीपी निवडला तर ८०९१, एचटीटीपीएस निवडला तर ८०९२. निवडायचा एक आणि अ‍ॅपने ऐकायचं दुसऱ्यावर असं झालं की परत तुमचं लाडकं ५०२.

आता मजा. आमच्या अ‍ॅपपैकी काहींमध्ये कोणीतरी "असू दे" म्हणून ८०८१ चा जुना लिसनरही तसाच ठेवला होता. आणि फायरवॉलमधले पहिले दोन नियम, ८०८१-८०८२ कुठूनही, तसेच. म्हणजे परसदाराशी बंदूकधारी रखवालदार, रजिस्टरमध्ये सही, ओळखपत्र, आणि पुढचा दिंडी दरवाजा सताड उघडा. क्लाउडहब डॉट आयओचा साधा पत्ता टाकला की आयपीचा काही प्रश्नच नाही, या, बसा. हे आम्हाला ऑडिटरने नाही, टेस्टिंगच्या मुलीने दाखवलं, तिला घरून व्हीपीएन लावायचा कंटाळा यायचा म्हणून ती महिनाभर जुन्याच पत्त्याने काम करत होती.

डेडिकेटेड घेतला असेल तर ते पहिले दोन नियम काढून टाका.

नवशिकी
तिला ओरडा बसला की बक्षीस?

बेळगावी_कुंदा
आधी ओरडा, मग बक्षीस. क्रम महत्त्वाचा.

पावटा_ऑस्टिनकर
आता वादाचा मुद्दा. ८०८१ वर साधं एचटीटीपी ठेवायचं की अ‍ॅपमध्येच एचटीटीपीएस करून ८०८२? माझं मत, लोड बॅलन्सरच्या दारात कुलूप उघडतंच, ८०८१ वर ऐकणाऱ्या अ‍ॅपलाही बाहेरून एचटीटीपीएसने गाठता येतं, मग आत प्रत्येक अ‍ॅपमध्ये कीस्टोअर (सर्टिफिकेट आणि किल्ल्यांची फाइल) घेऊन फिरण्यात काय अर्थ आहे? २३ अ‍ॅप म्हणजे २३ सर्टिफिकेट संपण्याच्या तारखा.

बेळगावी_कुंदा
अर्थ हा की लोड बॅलन्सरपासून अ‍ॅपपर्यंतचा टप्पा उघडा राहतो. बँकेचा किंवा दवाखान्याचा डेटा असेल तर हे चालवून घेत नाहीत. उसाच्या नोंदणीला कदाचित चालेल.

जुनाजाणता
उसाच्या नोंदणीला पण नाही चालणार साहेब. कोणाचा ऊस किती टन आणि कोणाच्या खात्यात किती गेले ही गावाकडे बँकेपेक्षा मोठी बातमी असते.

पावटा_ऑस्टिनकर
😀 हे खरं. पण सर्टिफिकेट संपून रविवारी पहाटे उठलेला माणूस आहे मी, माझं मत तेच राहील.

नवशिकी
आमच्या इथे दुसरं क्लाउडहब आहे, २.०. तिथे पण असंच का? मी ८०८२ वर एचटीटीपीएसचं अ‍ॅप टाकलं ते चालत नाहीये.

पोळपाट_लाटणं
नाही ग, तिथे दार एकच, ८०८१. साधं एचटीटीपी असो की एचटीटीपीएस, ऐकायचं ८०८१ वरच. ८०८२, ८०९१ हे सगळं विसरायचं. बाहेरचं कुलूप इनग्रेस (तिथला दारावरचा लोड बॅलन्सर) उघडतो आणि आत साधं एचटीटीपी पाठवतो. तुला आतला टप्पा पण बंद हवा असेल तर अ‍ॅपमध्ये ८०८१ वर एचटीटीपीएसचा लिसनर कर आणि डिप्लॉय करताना लास्ट माइल सिक्युरिटीची खूण कर. दोन्ही कर किंवा दोन्ही करू नकोस. एकच केलंस तर एक जण इंग्रजीत बोलेल आणि दुसरा कानडीत ऐकेल.

बेळगावी_कुंदा
आमच्याकडे रोज असंच चालतं, काही अडत नाही.

नवशिकी
खूण राहिली होती आणि पोर्ट पण चुकला होता. झालं. ताई थँक्यू! अजून एक, डेटाबेसला जायला १५२१ उघडावा लागेल ना, कुठे उघडू?

शून्यप्रहर
तुमच्या २.० मधल्या प्रायव्हेट स्पेसचे नियम तुमचा अ‍ॅडमिन बघेल, पण मूळ गोंधळ सगळ्यांचा सारखाच असतो म्हणून लिहितो. लिसनरचा पोर्ट म्हणजे आपण कुठे ऐकतो. १५२१ हा ओरॅकल कुठे ऐकतं तो, १४३३ एसक्यूएल सर्व्हर, २२ एसएफटीपी. आपण बाहेर जाताना समोरच्याचं दार उघडं लागतं, आपलं नाही. पहिल्या क्लाउडहबच्या व्हीपीसीतले नियम तर फक्त आत येणाऱ्यांसाठीच असतात. म्हणून डेटाबेस लागत नसेल तर आपल्या फायरवॉलशी भांडू नका, डेटाबेसवाल्यांना फोन करा, आणि तुमचा स्टॅटिक आयपी त्यांच्याकडे नोंदवलाय का ते विचारा.

तिखटमीठ
ते म्हणतील "आमच्या बाजूने सगळं ओके आहे".

शून्यप्रहर
ते वाक्य प्रत्येक नेटवर्क टीमच्या ओळखपत्रावर छापलेलं असतं.

उसाचा_रस
मंडळी, २२ झाली. राहिली ती पिवळी ओळ. ८०९४.

आज उघडून बघितलं. तो एचटीटीपी लिसनरच नाही. वजनकाट्यावरचा डबा (इंडिकेटर) थेट सॉकेट उघडून वजन पाठवतो, साधी टीसीपी, प्रत्येक गाडीची एक ओळ : वेळ, गाडी नंबर, भरलेलं वजन, नंतर रिकामं वजन. डब्यात फक्त आयपी आणि पोर्ट टाकायला जागा आहे, बाकी काही नाही. तो डबा एचटीटीपीचं नावही ऐकून नसेल. आता याला ८०८१ वर कसं बसवू? विचारल्याशिवाय हात लावू नये हे आत्ता कळलं.

तिखटमीठ
काटा क्लाउडवर! काटामारीला नवीन शब्द शोधावा लागेल आता.

जुनाजाणता
याला ८०८१ वर बसवायचंच नाही. लोड बॅलन्सरला फक्त एचटीटीपी कळतं, कच्ची टीसीपी त्याच्या हातात दिली तर तो टाकून देईल. इथे तुम्हाला पहिल्या दिवशी हवं होतं ते करावं लागेल, म्हणजे स्वतःचा पोर्ट. अ‍ॅपमध्ये टीसीपीचा सॉकेट लिसनर ०.०.०.० वर, ८०९४ तसाच ठेवा, व्हीपीसीच्या फायरवॉलमध्ये तेवढाच एक पोर्ट आणि तोही फक्त कारखान्याच्या नेटवर्कसाठी. कारखाना ते व्हीपीसी आयपीसेकचा व्हीपीएन बोगदा करा आणि डब्याने थेट वर्करला गाठायचं.

शून्यप्रहर
काका, बोगदा ठीक, पण डब्यात आयपी टाकावा लागतो म्हणाले ते. आतला वर्कर रिस्टार्ट झाला, नवीन डिप्लॉय झालं की आतला आयपी बदलणार, आणि डब्याला नावाने पत्ता देता येत नाही. भर हंगामात रात्री दोनला ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना आयपी बदलायला काट्यावर कोण जाणार?

बेळगावी_कुंदा
आणि नेट गेलं की काटा बंद. काटा बंद म्हणजे रांग, रांग म्हणजे ऊस वाळतोय, ऊस वाळला म्हणजे वजन घटलं. पोर्ट बाजूला राहील, गेटवर शेतकरी येतील.

जुनाजाणता
दोन्ही हरकती बरोबर. मागे घेतो.

पोळपाट_लाटणं
मग उलटं करा ना. हे एक अ‍ॅप कारखान्यातच राहू दे, त्याच जुन्या मशीनवर, ८०९४ वर. डबा त्याला वजन देईल, ते आधी स्थानिक डेटाबेसमध्ये लिहील आणि मग क्लाउडवरच्या अ‍ॅपला एचटीटीपीएसने, ४४३ वरून पुढे ढकलेल. नेट गेलं तर साठवून ठेवील, आलं की पाठवील. बाहेर जाणारी वाट आहे, कारखान्यात बाहेरून काहीच उघडावं लागत नाही. आणि डब्याला हात लावायचा नाही.

पावटा_ऑस्टिनकर
पटलं. यावेळी वाद घालत नाही.

उसाचा_रस
हेच करतोय. आज काट्यावर जाऊन आलो, पहिल्यांदाच. काट्यावरच्या मामांना विचारलं हा डबा कधीचा, म्हणाले तुमचं कॉम्प्युटर यायच्या आधीपासून आहे. डब्याच्या मागे पांढऱ्या पट्टीवर पेनाने लिहिलंय ८०९४ आणि खाली आयपी. साधारण अर्धा पुसलाय.

नवीन शीटमध्ये २२ ओळी ८०८१ आणि एक ओळ ८०९४. साहेबांनी ती स्वतःहून पिवळी केली. मी समोर माझा मोबाइल नंबर लिहिला.

कोकण_किनारा
बॉयलर पेटवायच्या दिवशी डिप्लॉय नका करू फक्त.

उसाचा_रस
पेटवायचा दिवस शुक्रवार निघालाय.